कटनंतरचे हसू

ट्रेलर दोन मिनिटे अकरा सेकंदांचा आहे. त्यात माझे बाबा सात वेळा दिसतात, चार वेळा हसतात आणि एकदाही कुणाला मारत नाहीत. सिनेमा एक तास बावन्न मिनिटांचा आहे. त्यात ते तिघांना मारतात.

या दोन विधानांमधले अंतर मी कापले आहे. ट्रेलर कापणे हा माझा धंदा. लोकांना वाटते, आम्ही खोटे दाखवतो. तसे नसते. ट्रेलरमधले एकही चित्र खोटे नसते. खोटा असतो तो त्याचा शेजार. म्हातारा दुधाचा पेला पुढे करतो, हे खरे. मुलगी तो हसत घेते, हेही खरे. त्यांच्यामागची सहा मिनिटे काढून टाकली की उरते ते वात्सल्य. तीच सहा मिनिटे परत घातली की प्रेत.

सिनेमाचे नाव ‘वरची खोली’. एक विधुर म्हातारा घराची वरची खोली भाड्याने देतो. भाडेकरू टिकत नाहीत. एक जातो, दुसरा येतो. परसातल्या भाजीच्या वाफ्यांची संख्या तेवढी वाढत जाते आणि टोमॅटो दिवसेंदिवस रसरशीत होतात. प्रेक्षक हसतो, आणि आपण कशाला हसलो हे ध्यानात आले की स्वतःच्याच तोंडावर हात ठेवतो. फार चांगला सिनेमा आहे. माझी अडचण एवढीच होती की आपण त्यात खून करतो, हे बाबांना माहीत नव्हते.

हे कसे शक्य आहे, असे कुणीही विचारील. दिग्दर्शकाची कामाची रीतच तशी होती. पूर्ण संहिता तो कोणत्याच नटाच्या हाती देत नसे. सकाळी ज्याचे त्याला आपापले पान मिळायचे, संध्याकाळी ते परत घेतले जायचे. खोली झाडण्याच्या दृश्याआधी बाबांना सांगण्यात आले की भाडेकरू गाव सोडून गेला आहे, तुम्हाला जरा सुने सुने वाटते आहे. दुधात पूड मिसळणारे हात त्यांचे नव्हतेच. ते एका निवृत्त कंपाउंडरचे. बाबांच्या हातावर अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा जुना डाग आहे, तो त्या कंपाउंडरच्या हातावर रंगाने काढला होता. वाफे खणणारी पाठ आणखी कुणा तिसऱ्याची. डबिंगच्या वेळीही बाबांना पडद्यावर स्वतःच्या वाक्यांपुरतेच तुकडे दाखवले गेले.

“हा चेहरा असा आहे,” दिग्दर्शक मला म्हणाला होता, “की त्याच्यावर संशय घेताना माणसाला स्वतःची लाज वाटावी. त्या चेहऱ्याला कळलं, की खेळ खलास.”

तो चेहरा त्याला आमच्या ऑफिसच्या जिन्यात सापडला होता. बाबा मला डबा द्यायला आले होते.

निवृत्त होईपर्यंत बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचत आले आणि संध्याकाळी एका हौशी नाटकमंडळीत मरत आले. मंडळीत त्यांची ख्याती मुडद्यासाठी. पहिल्या अंकाच्या शेवटी कुणी मरायचे असेल, तर ते बाबा. “श्वास पोटात न्यायचा,” ते मला लहानपणी शिकवत, “छातीत आणायचाच नाही. छाती हलली की नाटक पडलं.” एका प्रयोगात त्यांच्या नाकावर माशी बसली आणि तब्बल एक प्रवेशभर बसून राहिली. बाबा हलले नाहीत. प्रेक्षकांनी मुडद्याला टाळ्या दिल्या आणि नायकाने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला. मंडळीतले लोक त्यांना ‘कैलासवासी’ म्हणूनच हाक मारीत. “काय कैलासवासी, कसं काय?” “मजेत!” असे म्हणून ते सायकलवर टांग मारीत.

सत्तरीला टेकल्यावर त्यांना ही भूमिका मिळाली होती. पहिल्यांदा नाव असलेली, वाक्ये असलेली.

प्रदर्शनाला नऊ दिवस राहिले असताना मी कामावरून घरी आले, तेव्हा फोन साखरेच्या बरणीला टेकून उभा होता आणि बाबा व आत्या त्याच्यापुढे बसले होते. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. जिभेला हाड नाही, पण हात मायेचा.

“पुन्हा लाव,” बाबा म्हणाले.

“दादा, त्या फोनला भोक पडेल आता. अकरा वेळा बघितलंय.”

“तुला काय समजतंय त्यातलं? ते बघ, ते वाक्य माझं आहे. त्यांच्या पानात नव्हतं. पानात नुसतं होतं, ‘दूध घ्या.’ मी म्हटलं, असं कोण बोलतं?”

फोनमधले बाबा वाफाळता पेला पुढे करून म्हणाले, “घोट घोट घे. घाई काय आहे?”

हे वाक्य माझे होते. म्हणजे मला उद्देशून होते, माझ्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून. मला दूध नको असे. मी नाक दाबून एका दमात पेला रिकामा करायची आणि ठसका लागायचा. मग बाबा समोर बसून हे म्हणायचे. सिनेमात ते तीन वेळा येते. तिन्ही वेळा ऐकणारा दहा मिनिटांच्या आत मरतो.

“खारू, आलीस?” बाबांनी मान वळवली. मी लहानपणी खारीसारखी कुरतडत खायची, तेव्हापासूनचे हे नाव. “कोपऱ्यावरची पोरं मला बघून ओरडतात, ‘आजोबा, घाई काय आहे?’ इस्त्रीवालाही म्हणाला. माझंच वाक्य मला ऐकवतो लेकाचा!”

“आणि हे काय गं?” आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला. “खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? ‘फक्त प्रौढांसाठी’? आजोबांच्या सिनेमाला पोरांना बंदी कशाला?”

मी पिशवी खुर्चीवर ठेवायला वळले.

“तो पहिला भाडेकरू शिव्या देतो ना,” बाबांनीच परस्पर उत्तर दिले. “विक्रेता. तोंड फार घाणेरडं त्याचं. मी दिग्दर्शकांना म्हटलंही, कुटुंबाचा सिनेमा आहे, जरा आवरा. ते नुसते हसले.”

सांगायचे तर तेव्हाच सांगायला हवे होते. पण ‘तेव्हाच’ हा शब्द माझ्यापाशी चार महिने शिळा होत पडला होता. पूर्ण सिनेमा हातात आला आणि मी एकटीने अंधाऱ्या खोलीत बसून तो पाहिला, त्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, डबिंग होऊ द्या, नाहीतर आवाजात येईल. डबिंग झाले. मग निर्मात्या बाई म्हणाल्या, ट्रेलर गोड हवा. “लोकांना खून नको आहेत, लोकांना आजोबा हवे आहेत. खून ते तिकीट काढल्यावर बघतील. आणि तुमच्या बाबांच्या मुलाखती होतील, तेव्हा त्यांनी मनापासून म्हणावं की हा मायेचा सिनेमा आहे. नटाला कळलं तर तो सूचक हसतो. मला सूचक हसणं नको.” पुढे मुलाखती झाल्या. बाबा मनापासून म्हणाले. प्रत्येक टप्प्यावर मला एक कारण आयते मिळत गेले आणि मी ते घेतले. भित्र्या माणसाला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही.

त्याच संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

“तुम्ही ट्रेलरमध्ये जे हसू वापरलंय ना, शेवटचं, ते आम्ही सिनेमात घेतलं! शेवटच्या क्षणी. आमच्या संकलकाला कुठं सापडलंच नव्हतं ते. उपकार झाले तुमचे.”

मी फोन कानाला धरून न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतले.

ते हसू कुठले, हे सांगितले पाहिजे. दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो त्यानंतरही कॅमेरा दोन-चार सेकंद चालू राहतो. त्या तुकड्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटात नट नट नसतो. तो खांदे पाडतो, नाक खाजवतो, चहा मागतो. सिनेमाचे संकलक शेपटे फेकून देतात. ट्रेलर कापणारे ती जपून ठेवतात, कारण कधी कधी साऱ्या सिनेमात नसलेली एखादी खरी गोष्ट शेपटातच सापडते. चित्रीकरणाच्या दिवसांत बाबा एकदा वाचायचा चष्मा घरी विसरले होते, म्हणून मी तो द्यायला गेले होते. सिनेमा काय आहे, हे तेव्हा मलाही माहीत नव्हते. जमिनीवर वायरींचे जाळे होते. आवाज होऊ नये म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि टाचा उचलून, एकेक वायर ओलांडत पुढे निघाले. लहानपणी तालमीच्या वेळी रंगमंचामागून मी अशीच चालायची. ‘कट’ झाले. बाबांनी मान वर केली, त्यांना मी दिसले आणि ते हसले. डोळ्यांपासून सुरू होऊन उशिरा ओठांवर येणारे ते हसू आहे. चार सेकंद. ते माझे आहे. जगात माझ्या मालकीचे काही असेल, तर ते चार सेकंद.

मी ते ट्रेलरच्या शेवटी लावले होते. का लावले, हे मी स्वतःलाही नीट सांगू शकत नाही. एवढ्या लबाडीत एक तरी गोष्ट खरी असावी, असे काहीसे वाटले असेल.

“कुठे घेतलं?” मी विचारले.

“तिसऱ्या खुनानंतर. त्या शिक्षिकेच्या. पेला खाली पडतो, ती टेबलावर डोकं टेकते, आणि मग हे वर बघतात आणि हसतात! आम्ही सगळे उभे राहिलो हो खोलीत. अंगावर काटा.”

“ते काढा.”

“काय?”

“ते हसू काढा. ते त्या दृश्यातलं नाही.”

“आता कसं काढणार? सिनेमाच्या प्रती गेल्या. आणि दृश्यातलं नसलेलं दृश्यात घालणं, हे तर तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

बोलणे संपल्यावर मी बराच वेळ नळ सोडून ठेवला. बाहेरून बाबांची हाक आली, “खारू, नळ वाहतोय गं! मीटर पळतोय!”

पुढच्या दिवसांत बाबांनी तेवीस जागा मागून घेतल्या. मीटर खात्यातले जुने सहकारी, नाटकमंडळीतले जे उरले होते ते, इस्त्रीवाला, त्याची बायको. मी रोज ठरवायची आणि रोज काहीतरी आडवे यायचे. एकदा ते सदऱ्याला इस्त्री करत होते. मी दारात उभी राहिले. “बाबा, सिनेमाबद्दल थोडं बोलायचं होतं.”

“बोल की.” इस्त्री उभी ठेवून ते माझ्याकडे वळले. “आधी मी एक सांगू? हसशील. काल अंथरुणात मोजत होतो. सत्तेचाळीस वेळा मेलोय मी. मारामारीत, विषानं, फाशी, एकदा तर नुसताच म्हातारपणानं. तुझी आई शेवटी शेवटी यायचीच नाही बघायला. म्हणायची, मेलेलं माणूस घरी आणायला मला बरं वाटत नाही.” ते थांबले. “या वेळी मी शेवटपर्यंत जिवंत आहे, खारू. शेवटच्या चित्रात आहे. दिग्दर्शकांनीच सांगितलं.”

“हो,” मी म्हणाले. “आहात.”

“तू काय म्हणत होतीस?”

“तोच सदरा घालाल ना, हे विचारायचं होतं.”

तीन दिवस उरले तेव्हा आत्याने मला स्वयंपाकघरात कोंडले. अक्षरशः कोंडले, दाराला पाठ लावून उभी राहिली.

“काय दडवतेस?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणे. तीन दिवस तू पोळी नुसती चिवडतेस. चोराच्या मनात चांदणं. बोल.”

मी सांगितले. भराभर, खालच्या आवाजात, वाफ्यांसकट. आत्या आधी ऐकत राहिली, मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडते आहे. ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

“टोमॅटो!” तिला श्वास पुरेना. “अगं, शूटिंगवरून घरी घेऊन आला होता की तो! मी कोशिंबीर केली होती!” मग ती एकदम थांबली. चेहरा पुसला. “आणि ते वाक्य? ते तुझं दुधाचं?”

“तेच.”

“म्हणजे बहुरूप्याला सोंगच माहीत नाही.” ती स्टुलावर बसली. “खात्यातली सगळी माणसं येणार. त्यांच्यादेखत कळणार त्याला. सांग त्याला. आज सांग. नाहीतर मी सांगते.”

“तूच सांग.”

“सांगते. भिते की काय मी? माझ्या पाठचा नाही, पुढचा असला म्हणून काय झालं?” ती तरातरा बाबांच्या खोलीत गेली. मी भिंतीला कान लावून उभी राहिले. बोलणे अस्पष्ट होते. एकदा बाबांचे हसणे ऐकू आले. पंधरा मिनिटांनी आत्या बाहेर आली. हातात सुई होती आणि दोऱ्याचे टोक दातांत.

“सांगितलंस?”

“कोटाचं बटण लोंबत होतं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

खेळ दुपारी तीनचा होता. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते आणि आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसेना. बाबा मधल्या रांगेत बसले, त्यांच्या उजवीकडे मी, डावीकडे आत्या. मागच्या दोन रांगा पाणीपुरवठा खात्याच्या. दिवे मालवले तेव्हा कुणीतरी म्हणाले, “कैलासवासी, या वेळी कितव्या मिनिटाला?” आणि सगळे हसले. बाबाही.

पहिली पंधरा मिनिटे सुखाची होती. पडद्यावरचे बाबा जिना झाडत होते, विक्रेत्याला खोली दाखवत होते. शेजारचे बाबा माझ्या कानाशी येऊन सांगत, “इथे ऊन नव्हतं हां, दिवा लावला होता.” मग पेला आला. मग ते दोन हात आले, ती पूड आणि चमचा. बाबा पुढे झुकले. मला वाटले, त्यांना समजले. पण ते हळूच म्हणाले, “हे माझे हात नाहीत.”

“घोट घोट घे,” पडदा म्हणाला. “घाई काय आहे?”

विक्रेता खुर्चीवरून खाली घसरला. सभागृहात आधी शांतता, मग कुठून तरी एक दचकलेले हसू, आणि पाहता पाहता सारे सभागृह. मागच्या रांगेतून आवाज आला, “अरे बाप रे, कैलासवासीनं पाठवला की कैलासाला!”

मी बाबांकडे पाहिले नाही. त्यांचा हात आमच्या दोघांच्या खुर्च्यांमधल्या दांडीवर होता. मी तेवढाच पाहत राहिले. दुसरा वाफा खणला गेला. दुसरा पेला. आता लोक वाक्य येण्याआधीच हसत होते. पडद्यावरच्या बाबांनी तोंड उघडले की लाट यायची. ज्या वाक्याने माझा ठसका थांबायचा, ते चारशे माणसांच्या तोंडी होते. मी शेवटी मान वळवली. बाबा ताठ बसले होते, डोळे उघडे, पडद्यावर. आणि त्यांची छाती हलत नव्हती.

मला एक क्षण खरेच भीती वाटली. मग त्यांच्या कोटाचे खालचे बटण, आत्याने लावलेले, किंचित वर-खाली होताना दिसले. श्वास पोटात होता. बाबा मुडदा करत होते. लोकांच्या इतक्या जवळ, अंधारात, खुर्चीवर बसल्या बसल्या. कुणाच्याही लक्षात येऊ नये असा, आयुष्यातला सर्वांत उत्तम.

तिसरी भाडेकरू शिक्षिका होती. ती त्यांना ‘आजोबा’ म्हणायची. या वेळी कुणी हसले नाही. तिने पेला घेतला, हसली, प्यायली. पेला पडला. तिने टेबलावर डोके टेकले, झोपल्यासारखे. मग बाबांचा चेहरा पडदाभर आला. त्यांनी मान वर केली, आणि आधी डोळे हसले, मग, उशिरा, ओठ.

सभागृहाने श्वास रोखला. कुणीतरी “आई गं” म्हणाले.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा निळसर दिसत होता आणि त्यावर काहीच लिहिलेले नव्हते. ते पाहत राहिले. चार सेकंद, किंवा अधिक. मग त्यांनी दांडीवरचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

नंतर बाहेर गर्दी झाली. दिग्दर्शकाने त्यांना मिठी मारली. निर्मात्या बाई म्हणाल्या, “डोळ्यांत पापाचा लवलेशही नाही हो! कसं जमवलंत?” बाबा म्हणाले, “तुम्ही जमवलंत.” बाईंना तो विनय वाटला. खात्यातले एक गृहस्थ त्यांचा हात सोडेनात. “तुम्ही आमच्याकडे मीटर बघायला यायचात, तेव्हा मी तुम्हाला पाणी द्यायचो. बरं झालं, उलटं नव्हतं!” बाबांनी हसून मान तुकवली. प्रत्येकाला ते तेवढेच हसत होते, ओठांपासून.

आम्ही घरी आलो. सूर्य अजून मावळला नव्हता; स्वयंपाकघरात तिरपे ऊन टेबलावर पडले होते. आत्या वाळलेले कपडे काढायला म्हणून गॅलरीत गेली आणि तिथेच राहिली. बाबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“किती दिवस?” त्यांनी विचारले.

“चार महिने.”

“दिग्दर्शकाचं सोड. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला जमणार नाही. तो मला ओळखत नाही. ठीक आहे.” ते थांबले. “तुला पण वाटलं, जमणार नाही?”

“नाही बाबा, तसं नाही. तुम्ही इतके आनंदात होतात...”

“सत्तेचाळीस वेळा मेलो. तेव्हाही आनंदातच होतो. मरणार आहे हे माहीत असायचं की मला.” त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरे झाले असते. “मला वाटलं, मी काम केलं. मी काही केलंच नाही, खारू. मी तिथे नुसता होतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून केलंत.”

मी खुर्चीवरचा त्यांचा कोट सरळ केला.

“आणि ते चपला हातात घेतलेलं,” ते म्हणाले. “ते पण दिलंस त्यांना.”

“मी ट्रेलरमध्ये घेतलं होतं. तिथून त्यांनी...”

“दिलंस.”

गॅलरीत चिमटे पडल्याचा आवाज झाला. बाबा उठले. त्यांनी पातेले काढले, दूध ओतले, शेगडी पेटवली आणि पाठमोरे उभे राहिले. दूध वर येईस्तोवर ते तसेच होते. मग ते बोलू लागले, पातेल्याशी बोलावे तसे.

“डाग उजव्या हातावर आहे माझ्या. त्यांनी डाव्यावर काढलाय. ते एक. दुसरं म्हणजे, पहिल्याला मी खुशाल मारलं असतं. मेल्याचं तोंडच तसं होतं. दुसऱ्याच्या वेळी सवय झालेली असते, तर जरा घाई दाखवली असती. पण ती पोरगी. तिच्या वेळी तो माणूस असा सरळ पेला देणार नाही. ती आजोबा म्हणते त्याला. मला माहीत असतं, तर...” त्यांनी दूध पेल्यात ओतले. “बस.”

मी बसले.

ते पेला घेऊन आले. टेबलाशी थांबले. आणि माझ्या डोळ्यांसमोर, सदरा तोच, उजव्या हातावरचा डाग तोच, माझ्या बाबांच्या जागी दुसराच कुणी उभा राहिला. खांदे जरासे आत आले. पेला माझ्याकडे आला आणि अर्ध्या वाटेवर बोटभर मागे गेला. देऊ नये असे वाटणाऱ्याचा हात जसा जाईल, तसा. मग तो पुढे आला. डोळे माझ्यावर होते. त्यांत माया होती, आणि त्या मायेनेच मला काही सुटका नाही असे सांगितले.

“घोट घोट घे,” तो म्हणाला. आवाज जवळजवळ नव्हताच. मग इतका वेळ थांबला की मला घड्याळ ऐकू आले. “घाई काय आहे?”

पाठीला खुर्ची रुतली. मी माझ्या घरात, माझ्या वडिलांपुढे बसले होते आणि मला उठून पळावेसे वाटत होते.

बाबांचे खांदे खाली आले.

“दिसलं?”

“दिसलं,” मी म्हणाले.

“हं.” त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि बसले, एकदम म्हातारे दिसले. कपाळावर घाम होता. “मग पी आता. गार होतंय.”

पेल्यावर सायीचा पातळ पडदा धरू लागला होता. मी पेला उचलला. बाबा बघत होते, हसत नव्हते. गॅलरीच्या दारात आत्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून उभी होती. मी पहिला घोट घेतला, थांबले, मग दुसरा. पेला रिकामा होईपर्यंत बाबांनी माझ्यावरची नजर काढली नाही.